शिवाजी पार्क : एका राखीव मैदानाचा इतिहास आणि स्थानिक जीवन

१. प्रस्तावना

शहरांचा इतिहास शिकताना आपण बहुधा बांधलेल्या गोष्टींकडे पाहतो. किल्ले, गिरण्या, रेल्वे स्थानके, न्यायालये आणि महाविद्यालये यांच्यावर आपल्याला भरपूर लेखन मिळते. न बांधलेल्या जागेचाही इतिहास असतो. तो लिहिणे मात्र थोडे अवघड असते, कारण मैदानावर शिलालेख नसतो आणि त्याची कागदपत्रे एकाच कचेरीत सापडत नाहीत. काही नगरपालिकेच्या ठरावांत असतात, काही न्यायालयाच्या निकालांत, काही वर्तमानपत्रांत, आणि बरीचशी माहिती लोकांच्या आठवणींत असते.

या पाठात आपण मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क या मैदानाचा अभ्यास करणार आहोत. तुम्ही मुंबईचे नसाल, हे मैदान कधी पाहिलेही नसेल. तरी हरकत नाही. तुमच्या गावात किंवा शहरात असे एखादे मैदान नक्की असेल. तिथे सकाळी लोक चालायला येत असतील, दुपारी मुले खेळत असतील, निवडणुकीत सभा होत असेल आणि वर्षातून एकदा जत्रा भरत असेल. शिवाजी पार्कच्या निमित्ताने आपण तीन प्रश्न विचारणार आहोत. मैदान राखीव कसे होते? राखीव झाल्यावर ते कोण वापरते? आणि वापरणाऱ्यांत मतभेद झाले तर निर्णय कोण करते?

पाठाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : मैदान एकदा राखून ठेवले म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक पिढीला ते पुन्हा राखावे लागते, आणि ते कोणासाठी राखायचे यावरचा वाद हाच त्याच्या इतिहासाचा गाभा असतो.

२. 'राखीव' म्हणजे काय?

सामाईक मोकळी जागा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गावात गायरान होते, खळी होती, जत्रेची जागा होती, कुस्तीचा आखाडा होता. या जागा वहिवाटीने सामाईक होत्या. तिथे कोणाला यायची मुभा आहे आणि कोणाला नाही, हेही वहिवाटच ठरवत असे. जातीचे बंधन तिथे पाळले जाई. म्हणून जुनी सामाईक जागा सर्वांसाठी सारखीच खुली होती, असे समजणे चुकीचे ठरेल.

आधुनिक शहरात राखीव जागा कायद्याने ठरते. न्यूझीलंडमध्ये १९७७ च्या रिझर्व्ह्ज कायद्यात 'रिक्रिएशन रिझर्व्ह', म्हणजे मनोरंजनासाठी राखीव जागा, असा वेगळा वर्गच आहे. महाराष्ट्रात हे काम १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा करतो. शहराच्या विकास आराखड्यात काही भूखंडांवर खेळाचे मैदान, उद्यान, शाळा किंवा दवाखाना असे आरक्षण टाकले जाते. या कायद्यात एक मेख आहे. आरक्षित जमीन ठरलेल्या मुदतीत ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणजे नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून जमिनीवर मैदान असेलच असे नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी आपण त्याकडे परत येऊ.

३. पूर्वपीठिका : किल्ल्यापुढची मोकळी जागा

मुंबईतील सर्वांत जुनी मोठी मैदाने खेळासाठी निर्माण झालेली नाहीत. इंग्रजांच्या किल्ल्याभोवती तोफांचा मारा करता यावा म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली जाई. १८०३ मध्ये किल्ल्यात मोठी आग लागली. त्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद करण्यात आली. तिला एस्प्लनेड म्हणत. तिच्या एका बाजूला किल्ला आणि दुसऱ्या बाजूला हिंदी लोकांची दाट वस्ती होती. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच पट्टीचे तुकडे आहेत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडले गेले. तोफांचे कारण संपले, तरी मैदाने राहिली.

कोलकात्यातही असेच घडले. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी गोविंदपूर येथे नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला आणि त्याच्या भोवतालची जमीन मोकळी केली. तेच आजचे कोलकात्याचे मैदान. ते आजही लष्कराच्या अखत्यारीत आहे. १९११ मध्ये मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ती याच मैदानावर. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी मोकळी ठेवलेली जागा पुढे त्यांनाच हरवण्याची जागा झाली. जागेचा हेतू एक आणि वापर दुसरा, हे मैदानांच्या इतिहासात वारंवार दिसते.

४. पोलो आणि क्रिकेट : पहिला जाहीर वाद

मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. त्यांच्या पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान तरुणही एस्प्लनेडवर खेळू लागले. १८७५ मध्ये युरोपियनांसाठी बॉम्बे जिमखाना निघाला. जिमखान्याचे स्वतःचे राखलेले क्रिकेटचे मैदान होते. पोलो मात्र त्याचे सभासद त्या मैदानावर खेळत नसत. ते हिंदी मुलांच्या क्रिकेटच्या जागेवर खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि दुसऱ्या दिवशी तिथे चेंडू सरळ उसळत नसे.

१८८१ मध्ये हिंदी खेळाडूंनी गव्हर्नरकडे शेकडो सह्यांचा अर्ज दिला. मोजके युरोपियन आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळतात, त्यासाठी रोज खेळणाऱ्या मोठ्या संख्येची जागा खराब का करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी सरकारने पोलो कूपरेजला हलवला. पण जिमखान्याच्या सभासदांनी वजन वापरले आणि १८८३ मध्ये तो निर्णय फिरवला गेला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली. क्रिकेटच्या इतिहासाइतकीच ती नागरी हक्कांच्या इतिहासासाठीही महत्त्वाची आहे. मैदानावर हक्क सांगण्यासाठी हिंदी प्रजेने दिलेला युक्तिवाद पाहा : जो जास्त वापरतो आणि ज्याला दुसरी जागा नाही, त्याचा हक्क मोठा.

हा वाद शेवटी कसा मिटला? १८८० आणि १८९० च्या दशकांत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकिनाऱ्यालगत वेगवेगळे भूखंड मिळाले. प्रत्येक समाजाला आपले मैदान मिळाले, पण सर्वांच्या मैदानाचा प्रश्न बाजूला पडला. क्रिकेटचे सामनेही धर्मावर आधारलेले झाले. १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी अशी त्यांची वाढ झाली. १९४० मध्ये गांधीजींनी या पद्धतीला जाहीर विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद पडली. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : मैदानाची वाटणी कशी होते, यावर खेळाची आणि समाजाची मांडणी अवलंबून असते.

५. प्लेग, नवी वस्ती आणि माहीम पार्क

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळी, उजेड नसलेल्या खोल्या आणि अरुंद गल्ल्या यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या शहरात रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव वस्त्या वसवायला घेतल्या. या आखणीत रुंद रस्ते, घरांमध्ये अंतर आणि मोकळी मैदाने यांना आरोग्याचे साधन म्हणून स्थान होते. दादर आणि माहीम यांच्या दरम्यानचे आपले मैदान अशा काळात तयार झाले.

१९२५ मध्ये मुंबई महापालिकेने ते लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. १९२७ मध्ये शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. या नामांतरासाठी महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांनी पुढाकार घेतला. अवंतिकाबाई गांधीजींच्या सहकारी होत्या आणि त्यांनी १९१८ मध्येच मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले होते.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. त्रिशताब्दी १९२७ मध्ये साजरी झाली, म्हणजे जन्मवर्ष १६२७ धरले होते. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते. मैदानाच्या नावाच्या तारखेत त्या काळच्या इतिहासज्ञानाची खूण अशी शिल्लक राहिली आहे. २०२० मध्ये महापालिकेने नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे विस्तारले. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही शिवाजी पार्क हेच नाव आहे.

भोवतालच्या इमारती मुख्यतः १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या आहेत. गोलाकार गच्च्या आणि आडव्या रेषांची आर्ट डेको शैली त्यांत दिसते. तिथे राहायला आला तो प्रामुख्याने मराठी मध्यमवर्ग : कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर, लेखक, नाटकवाले. घरे फार मोठी नव्हती. मैदान हे त्या घरांचे अंगण झाले.

६. रोजचे मैदान

शिवाजी पार्कचे वैशिष्ट्य त्याच्या कडेला आहे. मैदानाभोवती उंच भिंत किंवा बंद फाटक नाही. आहे तो बसता येईल एवढ्या उंचीचा कट्टा. त्याचा घेर एक किलोमीटरहून थोडा अधिक भरतो. कट्टा हद्द दाखवतो, पण कोणाला अडवत नाही. सकाळी त्याच्या कडेने चालणारे, दुपारी सावलीला टेकणारे, संध्याकाळी गप्पा मारणारे निवृत्त लोक आणि महाविद्यालयीन मुले असे एकाच कट्ट्याचे दिवसभरातले वेगवेगळे वापर असतात. तिकीट नाही, सभासदत्व नाही. एस्प्लनेडच्या वादातून निघालेल्या जिमखान्यांशी याची तुलना करा, म्हणजे हा फरक केवढा आहे ते लक्षात येईल.

मैदानाच्या कडेने काही संस्था आहेत. शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, स्काउट हॉल, गणपतीचे देऊळ, ज्येष्ठ नागरिकांसाठी नाना-नानी पार्क. बंगाली मंडळींचा बेंगॉल क्लबही इथेच आहे आणि त्यांची दुर्गापूजा मैदानावर होते. मराठी वस्तीच्या मध्यभागी भरणारा हा बंगाली उत्सव मुंबईच्या स्थलांतराच्या इतिहासाचा एक धागा आहे. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवला जातो, आणि मुली दोरीच्या मल्लखांबावर सराव करतात. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली. बालमोहन विद्यामंदिरासारख्या शेजारच्या शाळांनाही हे मैदान आपलेच वाटत आले आहे.

क्रिकेटमुळे हे मैदान देशभर माहीत झाले. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर इथे मुलांना शिकवत. यष्टीवर ते एक रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाज सत्रभर बाद झाला नाही तर नाणे त्याचे, बाद झाला तर गोलंदाजाचे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित हे त्यांचे शिष्य. आचरेकर २०१९ मध्ये वारले. २०२४ मध्ये मैदानाच्या कडेला त्यांचे स्मारक उभे राहिले.

या नावांपेक्षा त्यांच्यामागची व्यवस्था आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. मैदानावर एका वेळी अनेक खेळपट्ट्यांवर खेळ चालतो. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग तर मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, अवघड खेळपट्टीवर टिकून राहायला तिने मुंबईच्या फलंदाजांना शिकवले. ज्या मुलाच्या घरी अंगण नाही आणि ज्याच्या शाळेला मैदान नाही, त्यालाही बॅट घेऊन येता येईल अशी जागा नसती, तर यातले किती खेळाडू पुढे आले असते, याचा विचार करा.

इथे एक प्रश्नही विचारायला हवा. मैदान 'सर्वांसाठी' खुले आहे, पण दुपारी चारच्या सुमाराला त्याच्या मध्यभागी कोण असते आणि कडेला कोण असते? मुलगे खेळताना जितके दिसतात तितक्या मुली दिसतात का? नाव देण्यात एका स्त्रीचा पुढाकार असलेल्या मैदानावर हा प्रश्न विचारणे अगदी योग्य आहे. कायद्याने खुले असणे आणि प्रत्यक्ष वापरता येणे यांत अंतर असते. ते अंतर मोजणे हे सामाजिक इतिहासाचे काम आहे.

७. सभेचे मैदान

मोठी मोकळी जागा असली की तिथे सभा होतात. स्वातंत्र्यलढ्यात मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' ठराव झाला तो गोवालिया टँक मैदानावर. त्यामुळेच त्याला ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव मिळाले. १९५० च्या दशकात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली, तेव्हा शिवाजी पार्क हे तिच्या सभांचे एक प्रमुख ठिकाण झाले. आचार्य अत्रे यांच्या भाषणांना इथे प्रचंड गर्दी होई. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि महाराष्ट्र दिनाचे संचलन या मैदानावर होऊ लागले.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तिचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर झाला आणि पुढे तो या मैदानाशी जोडला गेला. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले, २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावरही. २०२२ साली पक्षाच्या दोन गटांनी मेळाव्यासाठी याच मैदानावर हक्क सांगितला, आणि कोणाला परवानगी द्यायची हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. तुम्ही कोणत्याही पक्षाचे समर्थक असा वा विरोधक, इतिहासाच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की एखादी संघटना एकाच जागी वर्षानुवर्षे जमली की ती जागाच तिच्या वारशाचा भाग होते. म्हणून जागेची परवानगी ही केवळ प्रशासकीय बाब राहत नाही.

८. डिसेंबरचे मैदान

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी आहे. शिवाजी पार्कपासून ती चालत काही मिनिटांवर आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्रातून आणि इतर राज्यांतून लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात. बरेच जण दोन-तीन दिवस आधीच पोचतात. त्यांची सोय होते ती शिवाजी पार्कवर. तिथे मंडप, पिण्याचे पाणी, शौचालये, आरोग्य तपासणी आणि भोजनदानाची व्यवस्था असते.

त्या दिवसांत मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धाचे चरित्र, फुले-शाहूंवरची पुस्तके, दलित आत्मकथने आणि छोट्या पुस्तिका तिथे मिळतात. दूरच्या खेड्यातून आलेला शेतमजूर जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. वाचनसंस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्याने ग्रंथालयांइतकेच या स्टॉलकडेही पाहायला हवे.

मैदानाच्या इतिहासातही या दिवसांना वेगळे स्थान आहे. शेजारच्या वस्तीला मैदान म्हणजे आपले अंगण वाटते. सहा डिसेंबरला येणारे लोक त्या वस्तीतले नसतात. ज्या समाजाला गावातली पाणवठ्याची आणि देवळाची सामाईक जागा जातीमुळे नाकारली गेली, तो समाज शहराच्या मध्यावरच्या सामाईक मैदानावर हक्काने मुक्काम करतो. गर्दी, स्वच्छता, वाहतूक यांविषयी तक्रारी होतात आणि त्यांतल्या काही व्यावहारिक असतात. पण तक्रारीमागचा मूळ प्रश्न ओळखायला शिका : मैदान जवळ राहणाऱ्यांचे अधिक, की ज्यांना त्याची गरज आहे त्या सर्वांचे? १८८१ च्या अर्जदारांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. ते आठवा.

९. आवाज, धूळ आणि न्यायालय

मैदानाच्या वापरावर अलीकडच्या काळात आलेली मोठी मर्यादा आवाजाची आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. रहिवाशांच्या याचिकेवर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. त्यानंतर खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातले ठरावीक दिवसच वापरता येतात.

यात दोन्ही बाजूंना बळ आहे. ज्याच्या खिडकीसमोर दर आठवड्याला ध्वनिवर्धक लागतो, त्याच्या घरात आजारी माणूस आणि परीक्षेचा अभ्यास करणारे मूलही असते. दुसरीकडे, सभेसाठी शहराच्या मध्यावर जागा उरली नाही तर ज्यांच्याकडे सभागृहाचे भाडे देण्याइतके पैसे नाहीत त्यांचा आवाज बंद होतो. कोलकात्यातही असा पेच आला होता. १९७६ पासून मैदानावर भरणारा पुस्तक मेळा पर्यावरणाच्या कारणावरून २००७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिथून हलवावा लागला. पुस्तके चांगली आणि झाडेही चांगली, तरी एका जागेवर दोन्हींना किती वाव द्यायचा हे ठरवावेच लागते.

धूळ हा त्यापेक्षा साधा, पण रोजचा प्रश्न. खेळपट्ट्यांसाठी आणि मैदान सपाट करण्यासाठी टाकलेली लाल माती उन्हाळ्यात घराघरांत जाते. पाणी मारणे, गवत लावणे, पावसाचे पाणी साठवून वापरणे असे उपाय महापालिकेने केले. गवत लावले तर ते रुजेपर्यंत खेळ थांबवावा लागतो. खेळ चालू ठेवला तर गवत टिकत नाही. इतका छोटा प्रश्नसुद्धा शेवटी 'मैदान कशासाठी?' या मोठ्या प्रश्नापाशी जाऊन पोचतो.

१०. कागदावरचे आरक्षण टिकवणे

दुसऱ्या भागात आपण पाहिले की नकाशावरचे आरक्षण आपोआप टिकत नाही. शिवाजी पार्क इतके प्रसिद्ध आहे की त्यावर इमारत उभी राहण्याचा धोका कमी आहे. छोट्या मैदानांचे तसे नसते. त्यांच्यासाठी बंगळूरचा एक खटला मार्गदर्शक आहे. राजमहाल विलास विस्तार, म्हणजे आजच्या सदाशिवनगर, येथील एक भूखंड नियोजनात सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवला होता. १९७६ मध्ये राज्य सरकारच्या आदेशाने तो खासगी रुग्णालयासाठी एका न्यासाला देण्यात आला. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये 'बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो बदल बेकायदेशीर ठरवला.

या निकालातले दोन मुद्दे टिपून ठेवा. पहिला असा की, रुग्णालयही लोकोपयोगी असले तरी उद्यानासाठी राखलेली जागा खासगी संस्थेला देणे म्हणजे लोकांचा हक्क काढून घेणे होय. दुसरा असा की, परिसरातल्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे. मालकी नसतानाही हितसंबंध असतो, हे तत्त्व यातून पक्के झाले. मुंबईतही महापालिकेची मैदाने देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपवण्याच्या धोरणावर मोठे वाद झाले आहेत. देखभाल करणाऱ्याने फाटक लावले, सभासदत्व सुरू केले, की जमीन सार्वजनिक राहते पण मैदान सार्वजनिक राहत नाही.

११. सारांश

शिवाजी पार्कच्या इतिहासातून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

• शहरातली मैदाने वेगवेगळ्या कारणांनी मोकळी राहिली : कधी तोफांसाठी, कधी प्लेगनंतर आरोग्यासाठी. त्यांचे सार्वजनिक स्वरूप लोकांच्या वापरातून घडले.

• मैदानाची वाटणी समाजनिहाय झाली की खेळ आणि समाज दोन्ही विभागले जातात. एस्प्लनेडच्या वादाचा शेवट हे त्याचे उदाहरण आहे. शिवाजी पार्कसारखे महापालिकेचे खुले मैदान ही वेगळी वाट होती, पण त्यातही जात, लिंग आणि वस्ती यांची बंधने तपासून पाहावी लागतात.

• खेळ, सभा, श्रद्धांजली, सण आणि शांतता हे सर्व वापर न्याय्य असू शकतात. ते एकमेकांशी भिडतात तेव्हा निर्णयाची प्रक्रिया खुली असणे महत्त्वाचे ठरते.

• कायद्यातले आरक्षण, रोजचा वापर आणि दाद मागण्याची तयारी या तिन्हींमुळे मैदान टिकते. यांतले एक जरी सुटले तरी बाकीचे दोन कमकुवत होतात. नोंद नसेल तर वापर करणाऱ्याला न्यायालयात उभे राहता येत नाही, आणि वापर नसेल तर नोंद कोणाच्या लक्षात राहत नाही.

१२. स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एक मैदान निवडा. एका दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे जाऊन कोण काय करत आहे याची नोंद करा. वय, लिंग आणि मैदानातली जागा (मध्य किंवा कड) यांनुसार तक्ता तयार करा.

२. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्या मैदानाची नोंद कोणत्या नावाने आणि कोणत्या हेतूने आहे ते पाहा. गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा. लोकांच्या तोंडचे नाव आणि कागदावरचे नाव यांत फरक असेल तर त्याचे कारण शोधा.

३. साठ वर्षांवरील दोन व्यक्तींना त्या मैदानाच्या आठवणी विचारा. त्यांतली किमान एक स्त्री असावी. 'तुम्ही तिथे कधी जात नव्हता आणि का?' हा प्रश्न आवर्जून विचारा. जाण्याच्या आठवणींइतकीच न जाण्याची कारणेही इतिहासाची साधने आहेत.

४. १८८१ च्या अर्जातील युक्तिवाद आणि १९९१ च्या निकालातील युक्तिवाद यांची तुलना करा. मैदानावरचा हक्क वापरातून येतो, गरजेतून येतो की नियोजनाच्या कागदातून, याविषयी तुमचे मत सकारण लिहा.